वर थोरला दीर असेल तर

काकांनी मला कामावर घेतलं तेव्हा माझी गुणपत्रिका वाचली नाही. बी. ए. ची ती गुणपत्रिका मी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तिच्यावर दुसरी पिशवी चढवून नेली होती. काकांनी ती हातात घेतली, वजन बघितल्यासारखी खालीवर केली आणि परत दिली. म्हणाले, "वरडून दाखव."

आम्ही भोरच्या नदीवरच्या पुलावर उभे होतो. मला त्यांनी पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभं केलं, स्वतः पलीकडच्या टोकाला चालत गेले आणि तिथून हात वर केला. हात वर झाला की मी "थांबा" म्हणून ओरडायचं, असं ठरलं होतं. मधून एसटी जात होती, टेम्पो जात होते, बाजाराला आलेली माणसं पिशव्या सांभाळत चालली होती. हिर्डोशीच्या वरच्या वाडीत दिलेली सून मी. बाजारच्या दिवशी भर पुलावर कशी ओरडणार? मी म्हणाले, "थांबा." ते माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

काका सावकाश चालत परत आले. "हे तू उतू जाणाऱ्या दुधाला म्हणतीस," ते म्हणाले. "माणूस न्हाई थांबायचा ह्यानं." मग म्हणाले, "अक्षर बरं हाय का? मंग ये उद्यापास्नं. आवाज यील मागनं."

काका, म्हणजे सगळ्या तालुक्याचेच काका, झाडांची छाटणी करायचे. भोर-वेल्ह्यात झाड पाडणारे रग्गड आहेत. कोयता, करवत, आता तर कटर मशीन घेऊन येतात आणि दुपारपर्यंत सावलीचं सरपण करून जातात. काका पाडायचे कमी, राखायचे जास्त. कौलावर आलेली फांदी, तारेत घुसलेला शेंडा, पोखरलेलं खोड, असल्या कामांना त्यांना बोलावणं यायचं. मूळचे ते मार्गासनीकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या बागेत गेलेली. तिथं एकदा बाहेरदेशाचा कुणी शिकवायला आला होता. दोरानं झाडावर जायचं कसं, फांदी कापायची कुठं आणि मुख्य म्हणजे कोणत्या वेळी वर जायचंच नाही, ह्याचं नियमांचं एक जाडजूड पुस्तक त्यानं सगळ्यांना वाटलं. इंग्रजी पुस्तक. बाकीच्यांनी मिळाल्याची सही करून ते कपाटात टाकलं. काकांनी मात्र एका ओळखीच्या मास्तरांना गाठलं आणि दर रविवारी त्यांच्यापुढं बसून ते ओळीओळीनं मराठीत उतरवून घेतलं. मास्तरांना झाडातलं काही कळत नव्हतं आणि काकांना इंग्रजीतलं. दोघांच्या मध्ये जे तयार झालं ते तिसरंच काहीतरी होतं, पण पक्कं होतं. तीन दोनशेपानी वह्या भरल्या. ह्या वह्यांच्या बाहेर काका एक पाऊल टाकत नसत.

गावोगाव त्यांना दोरवाले म्हणत. काही जण भित्रे दोरवाले म्हणत. आमच्याकडचा माणूस लहानपणापासून हिरड्याच्या झाडावर अनवाणी चढतो, कमरेला कोयता, हाताला काही नाही. त्याला हा म्हातारा हेल्मेट घालून, पट्टे आवळून, दोन-दोन दोर लावून आंब्यावर चढतो हे बघून हसू यायचं. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "हसू द्या," ते म्हणायचे, "हसताना लांब उभी ऱ्हातात, तेवढं बरं."

कामाच्या दिवशी सकाळी ते प्रत्येक गड्याला तीन प्रश्न विचारायचे. झोप झाली का, पोटात काय आहे, आणि घरात कुणाशी वाजलं का. तिसऱ्याचं उत्तर होय आलं तर तो गडी त्या दिवशी झाडावर जायचा नाही, खाली फांद्या ओढायचा. गड्यांना तो कमीपणा वाटे. त्यामुळे आमच्या टोळीत कुणाच्याच घरी कधी भांडण होत नसे. एकदा एक जण कपाळावर चांगलं टेंगूळ घेऊन आला आणि घरी सगळं गोडीगुलाबीनं चाललंय म्हणून सांगू लागला. काकांनी ते टेंगूळ डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "लाटणं व्हतं का उलथनं?" एवढंच विचारलं आणि त्याला खाली ठेवलं.

मग लाकडी हातोडीनं खोडावर ठोकत झाडाभोवती फेरी. कान लावून ऐकायचे. पोकळ वाजलं तिथं खडूनं फुली. वायरमननं लाईट बंद केल्याचं तोंडी सांगितलेलं त्यांना चालायचं नाही, वहीत सही लागायची. सगळ्यात शेवटी झाडाच्या उंचीच्या दुप्पट दोर मोजून ते फक्कीनं रिंगण आखायचे. त्या रिंगणाच्या आत कामाशिवाय कुणी नाही. आपल्याकडं फक्कीची रेघ दिसली की माणसं कबड्डी बघायला आल्यासारखी बरोबर रेघेवर येऊन उभी राहतात, आणि त्यातला एखादा मानाचा माणूस हटकून आत येतो. एका गावात पंचायतीचे एक सदस्य असे आत येऊन, हात मागे बांधून, कोणती फांदी कापायची ते सांगू लागले. काकांनी वरच्या गड्याला खाली बोलावलं, रिंगणाच्या बाहेर सावलीत बसकण मारली आणि डबा उघडला. सकाळचे दहा वाजले होते.

"काय हो, काम?" सदस्य म्हणाले.

"सुट्टी झाली जेवायची," काका म्हणाले. "तुमी बाहीर आलात की संपंल."

सदस्य काही बाहेर येईनात. काकांनी एक भाकरी संपवली, दुसरी घेतली. ठेचा जरा तिखट झालाय म्हणून माझ्याकडं तक्रार केली. तिसऱ्या भाकरीला सदस्य बाहेर आले. तेव्हा काका उठले, हात धुतले आणि त्यांना रामराम घातला.

माझं काम होतं खालच्याचं. झाडावर जातो तो वरचा, रिंगणाच्या कडेला मान वर करून उभा राहतो तो खालचा. काकांचं म्हणणं असं की वरच्याला त्याची फांदी तेवढी दिसते. खालच्याला फांदी दिसते, वरचा दिसतो आणि आजूबाजूचं सगळं दिसतं. म्हणून हुकूम खालच्याचा. खालचा "थांबा" म्हणाला की वरच्यानं हात उचलायचा, "उतरा" म्हणाला की उतरायचं, मग वरचा कितीही मोठा असो. भोरमधल्या त्यांच्या गाळ्यावर अर्ज आणि परवानग्या लिहिताना काका मला अगं-तुगं करायचे, "तू ते कार्बन उलटं घातलंस" वगैरे. पण झाडाखाली गेलं की मी त्यांच्या लेखी "खालचे" व्हायची. "खालचे, तुमी तयार हाय का?" असं ते सगळ्यांसमोर विचारायचे. वाडीत मात्र बोलवा अशी की अमक्याची सून दिवसभर वर बघत उभी राहते आणि त्याचा पगार घेते. माझे मालक टेम्पो चालवतात. ते म्हणाले, बरं आहे, निदान मान तरी मोकळी होईल.

आता माझ्या सासऱ्यांचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर राब भाजतात, म्हणजे डहाळ्या-पाला पसरून पेटवतात. त्यासाठी ऐनाच्या, आणि दुसऱ्याही झाडांच्या फांद्या उतरवतात. फांदी उतरवताना बुंध्याशी वीतभर खुंटी सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी तिच्यावर पाय देऊन चढता येतं. बापानं सोडलेल्या खुंटीवर मुलगा चढतो. माझे सासरे असेच चढले होते, आणि पडले. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून ते पडवीतल्या खाटेवर आहेत, कमरेखाली त्यांना कळत नाही. पाय घसरला, असं वाडी म्हणत आली. नशीब, असं घरचे म्हणत आले. ते स्वतः काहीच म्हणत नसत.

मी हे एकदा डबा खाताना काकांना सहज सांगितलं. त्यांनी खाणं थांबवलं. "कंचं झाड?" म्हणाले. मला माहीत नव्हतं. पुढच्याच रविवारी ते एसटीनं हिर्डोशीला उतरले आणि तिथून वर वाडीत चालत आले, खांद्याला वही आणि हातोडीची पिशवी. आधी झाड बघून आले. मग पडवीत सासऱ्यांच्या खाटेशेजारी बसले आणि चहाला हात लावायच्या आधी वही उघडली.

"कुठला पाय दिला व्हता, पाव्हणं?"

"डावा," सासरे म्हणाले.

"वाजलं का काय?"

"व्हय. कट करून वाजलं. मंग म्या खालीच."

"खुंटी कुणी सोडल्याली?"

"माझ्या बानं. बा हुबा ऱ्हायला तिच्यावं, म्या ऱ्हायलो. पोरांनी बी ऱ्हायचं व्हतं."

काकांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "खुंटी सोडली की झाडाला ती जखम मिटवता येत न्हाई. फांदी निघती तितं बुंध्याला फुगवटा असतो बगा, सदऱ्याच्या कॉलरवानी. त्या कॉलरीला लागून कापलं की साल चहूबाजूनी यिऊन बुजवून टाकती. खुंटी ठिवली की सालीला वाट न्हाई. आतनं कुजत जातं. वरनं लाकूड दिसतं, आत भुसा. म्या आता बगून आलो, तिथल्या सगळ्याच खुंट्या तशा हायती." त्यांनी वही मिटली. "तुमचा पाय न्हाई घसरला, पाव्हणं. पाय बरूबर व्हता."

सासऱ्यांनी तोंड भिंतीकडं केलं. बराच वेळ त्यांची पाठ हलत होती. इतक्या वर्षांत त्यांना कुणी तुमचं कसं झालं असं विचारलं नव्हतं. जो तो येऊन दैव सांगून जायचा. काकांनी कारण विचारलं, आणि ते खरं कारण निघालं. त्या दिवसानंतर सासरे पडवीत येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून खुंटीची गोष्ट सांगू लागले. मी काकांची ज्या गोष्टींसाठी ऋणी आहे त्यात ही पहिली.

माझे थोरले दीर दारात उभं राहून हे सगळं ऐकत होते. त्यांना आम्ही भावजी म्हणतो. ते पंधरा दिवसांनी भोरला आले आणि काकांच्या टोळीत लागले. अंगानं सडपातळ, झाडावर वानरासारखे, आणि बापाचं बघितल्यामुळं दोराला नाही म्हणाले नाहीत. महिन्याभरात ते काकांचे मुख्य वरचे झाले. खालची मी.

आणि इथं घोळ झाला.

मार्गासनीच्या रस्त्याला एका शाळेच्या आवारात मोठा शिरीष होता. त्याची जाड फांदी उतरवायची होती. जाड फांदी कापताना आधी खालच्या बाजूनं थोडी खाच घ्यावी लागते आणि मग वरून कापायचं, नाहीतर फांदी पडता पडता फाकते आणि अंगावर येते. भावजींनी घाईत खाच घेतली नाही. थेट वरून कटर लावला. मला खालून दिसलं. माझ्या गळ्यात शिट्टी होती, तोंडाला वाचा होती. पण वर थोरले दीर होते. घरात मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ते पडवीत असले तर स्वैपाकघरातून मोठ्यानं बोलत नाही. शाळेच्या मास्तरांसमोर, पोरांसमोर, गावासमोर मी त्यांना "थांबा" कशी म्हणणार? मी काकांकडं बघितलं. काका पलीकडच्या बाजूला दोर सोडवत होते. मी परत वर बघितलं. तेवढ्यात फांदी मधोमध फाटली, झोका घेऊन परत आली आणि भावजींच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर खोडाला बसली. शाळेचे पत्रे वाजले.

भावजींना काही झालं नाही. ते खाली आले, त्यांचे ओठ पांढरे पडले होते. काकांनी सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं."

"मंग?"

मी पायातल्या बुटांकडं बघत राहिले. भावजीच म्हणाले, "तिला बोलू नका काका. ती माझ्याव कशी वरडंल? आमच्यात न्हाई तसं."

काका शाळेच्या पायरीवर बसले. त्यांनी वही काढली, पानं चाळली, आणि डोक्याला हात लावला. "ह्यात समदं हाय," ते म्हणाले. "वारं हाय, लाईट हाय, आग्या मोहळ हाय. थोरला दीर न्हाई." मग माझ्याकडं बघितलं. "चूक माझी. तुला खाली हुबं केलं, पण तुमच्या घरची रीत इचारली न्हाई. त्या बाहेरदेशाच्या पुस्तकाला काय ठावं असणार." तिथंच बसून त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर नवा नियम लिहिला. मी तो अजून जसाच्या तसा सांगू शकते: वर थोरला दीर, सासरा, गुरू, मालक, कोणीही असला तरी खालच्याने तो नुसता वरचा समजावा. तालीम केल्याशिवाय खालच्यास उभे करू नये.

तालीम दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. काका स्वतः गाळ्यामागच्या चिंचेवर चढले आणि मला त्यांना उतरवायला सांगितलं. मी म्हणाले, "उतरा." ते तिथूनच म्हणाले, "का?" मी सांगायला लागले, की दोर जरा, तुमचा तो डावा. काका तडक खाली आले आणि माझ्यापुढं वाकले. "एवढं सांगस्तवर म्या मेलो. वर असताना कारन न्हाई द्यायचं. निस्तं थांबा, न्हाईतर उतरा. माणूस भुईला लागला की मंग कारन."

परत वर. परत मी. सतरा वेळा मी त्यांना उतरवलं. वरून ते मुद्दाम छळायचे. "काय कळतं का तुला?" म्हणायचे, "चार पानं लिवली म्हंजी झाडातलं आलं का?" म्हणायचे. मला हसू यायचं, मग राग यायचा. रागात एकदा असा आवाज निघाला की शेजारचा चहावाला किटली घेऊन जागच्या जागी उभा राहिला. मग त्यांनी भावजींना वर पाठवलं. भावजी वरून म्हणाले, "म्हण की. म्या काय रागवत न्हाई." मी डोळे मिटले आणि म्हणाले, "उतरा." भावजी उतरले. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवूनच म्हणाले. आता मी त्यांना दिवसातून चार वेळा थांबवते, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांच्यासमोर पदर सावरते. दोन्ही खरं आहे, आणि ह्यात आम्हा दोघांनाही आता काही अडत नाही.

काका तोवर सत्तरीला आले होते. वर जाणं कमी केलं होतं, पण सोडलं नव्हतं. दोराची गाठ मारताना ते दर वेळी पुटपुटायचे, "आला, वळला, शिरला, बसला." दोर आला, वळला, शिरला, बसला. भावजींनाही त्यांनी हेच शिकवलं.

आंबवड्याच्या अलीकडं एका वाडीत शाळेच्या कौलांवर आंब्याची मोडकी फांदी लोंबत होती. भावजी मेव्हणीच्या लग्नाला गेले होते. दुसरा वर जाणारा तापानं झोपला होता. शाळा चालू होती. काका म्हणाले, "म्या जातो. लहान काम हाय." रिंगण झालं, हातोडी झाली. पट्टे आवळून त्यांनी पहिली गाठ मारली. आला, वळला, शिरला, बसला. मी बघत होते. ओढून बघितली, सोडली, परत मारली. ते कधी गाठ परत मारत नसत. मला वाटलं, वय झालंय, खात्री करून घेतायत.

ते वीसेक फूट चढले. तिथं दोर वरच्या फांदीला बदलायचा होता. खालून मला त्यांचा डावा हात दिसला. बोटं मिटत नव्हती. दोर बोटांवर होता, बोटांत नव्हता. ते तोंडानं बरोबर म्हणत होते, ओठ हलताना दिसत होते, आणि हात वेगळंच काहीतरी करत होता. त्यांच्या कमरेचा जुना दोर अजून लागलेला होता. तो ते आता काढणार होते.

"थांबा," मी ओरडले.

ते थांबले.

"उतरा."

खाली चांगला घोळका होता; शाळेच्या बाई, सरपंच, पंचवीस-तीस माणसं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वर बघितलं. बरेच पावसाळे बघितलेला एक म्हातारा माझ्या शेजारी होता, तो म्हणाला, "आगं, ते शिकिवणारं हायती." मला ठाऊक होतं ते कोण आहेत. काका "का?" म्हणाले असते तर मी कदाचित गप्प बसले असते.

ते "का?" म्हणाले नाहीत. जुन्या दोरावरूनच, एकेक पाऊल टाकत, सगळं नियमानं करत उतरले. भुईला पाय लागल्यावर पट्टा न सोडता माझ्यासमोर आले.

"कारन," ते म्हणाले.

"तुमची गाठ बसत नाही काका. डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत."

त्यांनी तिथंच दोराचं टोक घेतलं आणि माझ्यासमोर गाठ मारली. आला, वळला, शिरला, बसला. मग ओढली. गाठ सरळ सुटून दोर मोकळा झाला. ते त्या दोराकडं बघत राहिले. मग शाळेच्या बाईंना म्हणाले, त्या खोलीत दोन दिवस पोरं बसवू नका, गडी लग्नाला गेलाय तो येतो. वही मागून घेतली आणि उजव्या हातानं लिहिलं: काम थांबवले. कारण, वरचा वर जाण्यास लायक नाही. खाली सही केली. एसटीनं घरी गेले.

तीन दिवस ते गाळ्यावर आले नाहीत. भावजी आले, त्यांनी फांदी उतरवली, मी खाली उभी राहिले, सगळं ठीक झालं. पण गावात पसरलंच होतं की अमकीनं गुरूलाच झाडावरून उतरवलं, चारचौघांत. चौथ्या दिवशी मी घरच्या तांदळाची पिशवी घेतली आणि भोरला त्यांच्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला आणि आत घेतलं. "चार महिने झाले," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सदऱ्याची बटणं मी लावतीय त्यांच्या. रोज सकाळी लावायची आणि ते झाडाकडं निघायचे. मला कळत होतं गं. एकदा बी तोंडातनं निघालं न्हाई की नका जाऊ." त्या थांबल्या. "मी दार लावून बसायची. फोन वाजला की आधी देवाला हात जोडायची. तू त्यांना भुईवर आणलंस. डॉक्टर म्हणतायत मानेतली शीर हाय, हात सुधारंल थोडाफार, पण झाड बंद."

त्यांनी माझा हात सोडला नव्हता. मला रडू आलं, आणि त्यांनाही.

आतून काका आले. अंगात बंडी, हातात रबरी चेंडू. डॉक्टरांनी दाबायला सांगितलेला. "कशाला आलीस?" म्हणाले.

"माफी मागायला," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर तुम्हाला..."

मी त्यांना रागावलेलं फार कमी वेळा बघितलं. तेव्हा बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "परत घे," ते म्हणाले.

"काय?"

"माफी. परत घे ती. उद्या दुसरं कुणीतरी वर आसंल. तुला काय तरी दिसंल. तवा तुझ्या मनात यील, मागं एकदा थांबिवलं आन् मंग घरी जाऊन पाया पडायला लागलं. तेवढ्या येळात माणूस खाली यील. समजलं का? परत घे."

काकू पदरानं डोळे पुसत आमच्याकडं बघत होत्या. मी तांदळाची पिशवी खाली ठेवली. "घेतली परत," मी म्हणाले.

"सगळी?"

"सगळी."

ते खुर्चीत बसले. चेंडू दाबायचा प्रयत्न करू लागले. बोटं अर्धी मिटत होती. मला त्यांना सासऱ्यांचं सांगायचं होतं, भावजींच्या गुडघ्याचं, माझ्या आवाजाचं. मी वाडीत पाण्यासाठी भांडणाऱ्या दोन बाप्यांना परवा नुसतं "थांबा" म्हणाले आणि ते थांबले, ते सांगायचं होतं. ह्यातलं काहीच नीट जमेना.

"मग आभार तरी मानू का?" मी विचारलं.

काकांनी चेंडू दाबायचं थांबवलं. विचारात पडले, जणू तिन्ही वह्या मनात चाळून बघत होते.

"त्याला काय नियम न्हाई," ते म्हणाले. "मान."